कालबाह्य ध्वनिफीत : आकर्षण, मर्यादा आणि चिकित्सेची गरज

प्रस्तावना

महाविद्यालयांतील भाषा विभागांच्या कपाटांत जुन्या कॅसेटची एखादी पेटी बहुधा सापडतेच. १९८० आणि १९९०च्या दशकांत क्षेत्रभेटींच्या निमित्ताने नोंदविलेल्या ओव्या, भारुडे, गोंधळाची गाणी, वासंतिक व्याख्यानमालेतील भाषणे, स्नेहसंमेलनातील काव्यवाचने असे बरेच काही त्या पेटीत असते. पेटीवर धूळ असते आणि कॅसेटवरील शाई फिकट झालेली असते. यंत्र नसल्यामुळे ती पेटी उघडण्याचा प्रसंग येत नाही.

गेल्या वर्षी प्रस्तुत लेखिकेकडे एका विद्यार्थिनीने विचारणा केली. १९९०च्या दशकात विभागाचे विद्यार्थी तिच्या गावी गेले होते आणि तिच्या आजीने त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखविल्या होत्या. आजी आता हयात नाही. तो आवाज विभागाकडे असेल काय, एवढाच तिचा प्रश्न होता. जुन्या नोंदवहीत गावाचे आणि आजींचे नाव मिळाले, क्रमांकावरून कॅसेटही मिळाली. पुढे जे घडले त्यातून या लेखाचा विषय सुचला.

ध्वनिफितीविषयी सध्या आपल्याकडे दोन प्रकारची भूमिका आढळते. पहिली स्मरणरंजनाची. कॅसेट, तिच्यात पेन्सिल घालून गुंडाळलेली फीत, टेपरेकॉर्डरचे खटके यांच्या आठवणी काढून हळवे होणे हे तिचे लक्षण. दुसरी भूमिका व्यवहारवादी म्हणविणारी. जुने माध्यम गेले, नवे आले, आता त्या पेट्या रद्दीत काढाव्यात, असे ती सांगते. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसत असल्या, तरी फितीवर काय आहे ते ऐकण्याचे कष्ट दोन्हीही घेत नाहीत. प्रस्तुत लेखात ध्वनिफितीच्या आकर्षणाची आणि मर्यादांची चिकित्सा करून तिच्याकडे हस्तलिखितासारखे पाहावे, अशी भूमिका मांडली आहे.

माध्यमाची घडण

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सन याने १८९८मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय ध्वनिमुद्रण करणारे यंत्र सिद्ध केले. कागदाच्या पट्टीवर लोहकणांचा लेप देण्याची कल्पना जर्मनीतील फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८मध्ये पुढे आणली, आणि १९३५मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन हे फितीचे यंत्र मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत पोहोचले. १९४८मध्ये अँपेक्स कंपनीची यंत्रे तेथील नभोवाणीत आली, आणि पुढील काळात जगभरच्या नभोवाणी केंद्रांनी व ध्वनिमुद्रणगृहांनी फीत स्वीकारली. आपल्याकडे ज्याला 'स्पूल' म्हणतात ते हेच उघड्या चाकांचे माध्यम होय.

१९६३मध्ये फिलिप्स कंपनीने कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखाली बेल्जियममधील हासेल्ट येथे ती घडविण्यात आली. स्पूलची फीत ६.३५ मिलिमीटर रुंद असते आणि व्यावसायिक कामात ती सेकंदाला १९ किंवा ३८ सेंटिमीटर धावते. कॅसेटमधील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असून तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर एवढाच आहे. कॅसेटचे सारे गुण आणि सारे दोष या दोन आकड्यांत सामावले आहेत. फीत अरुंद व संथ झाली म्हणून कॅसेट खिशात मावली, स्वस्त झाली आणि सामान्य माणसाच्या हाती आली. पण त्याच कारणामुळे ध्वनी साठविण्यासाठी उपलब्ध असलेला चुंबकीय पृष्ठभाग कमी झाला आणि खरखर वाढली. कॅसेट मुळात श्रुतलेखनासारख्या किरकोळ कामासाठी योजिली गेली होती. पुढे १९६८मध्ये आलेली डॉल्बी बी ही खरखर कमी करण्याची पद्धती आणि क्रोमियम डायऑक्साइडचा लेप यांमुळे ती संगीतालाही योग्य ठरली.

आकर्षणाची मीमांसा

ध्वनिफितीचे आकर्षण केवळ आठवणींत नाही, त्याला वस्तुनिष्ठ आधार आहे. तो तीन गोष्टींत शोधता येतो.

पहिली गोष्ट कालावधीची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन-साडेतीन मिनिटांचे मुद्रण मावत असे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे १९३७मध्ये निधन झाले. त्यांच्या ख्यालाचा विस्तार कसा असेल याचे अनुमान आज आपल्याला अशा तबकड्यांवरूनच करावे लागते. फीत आल्यावर ही अट संपली. १२०० फूट लांबीचे स्पूल १९ सेंटिमीटर वेगाने सुमारे ३२ मिनिटे चालते आणि वेग निम्मा केला की कालावधी दुप्पट होतो. खाजगी बैठकीतील गायन त्याच्या स्वाभाविक लयीत, श्रोत्यांच्या दादेसह आणि गायकाच्या अधूनमधूनच्या बोलण्यासह टिपले जाऊ लागले. महाराष्ट्रातील रसिकांनी घरोघरी केलेली अशी मुद्रणे हा आपल्या संगीताच्या इतिहासाचा मोठा ऐवज आहे. सत्यशील देशपांडे यांच्या संवाद फाउंडेशनसारख्या प्रयत्नांनी त्या स्वरूपाच्या सामग्रीचे मोल दाखवून दिले.

दुसरी गोष्ट लेखनक्षमतेची. तबकडी सामान्य माणसाला फक्त वाजविता येत असे. कॅसेटवर त्याला स्वतः नोंद करता आली. पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' या १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उत्तर भारतातील या बदलाचा सविस्तर अभ्यास आहे. कॅसेटपूर्वी ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय प्रामुख्याने एका मोठ्या कंपनीच्या हाती एकवटला होता. १९८०च्या दशकात निर्मितीचा खर्च उतरल्यामुळे लहान लहान उत्पादक पुढे आले आणि बोलीभाषांतील, प्रादेशिक व लोकसंगीताला बाजारपेठ मिळाली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा एक भाग आहे. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते गावोगावच्या जत्रांत, एस. टी. स्थानकांवर आणि वस्त्यांत पोहोचली, गोव्यात तियात्रातील कांतारे घराघरांत वाजली, त्यामागे कॅसेटचा वाटा मोठा आहे. प्रमाण अभिरुचीच्या कक्षेबाहेर राहिलेल्या आवाजांना या माध्यमाने जागा दिली, हे त्याचे सांस्कृतिक कार्य नाकारता येणार नाही.

या लोकशाहीकरणाची दुसरी बाजूही त्याच ग्रंथात आहे. चोरट्या प्रती, गाजलेल्या गाण्यांच्या निकृष्ट नकला आणि सामाजिक तेढ वाढविणारी प्रक्षोभक भाषणे यांचा प्रसारही याच स्वस्त माध्यमाने केला. माध्यम सर्वांच्या हाती आले म्हणजे ते आपोआप कल्याणकारी ठरते, हा समज कॅसेटने तेव्हाच खोटा ठरविला होता.

तिसरी गोष्ट हाताळणीची. फीत दिसते, ती किती उरली हे डोळ्यांना कळते, ती तुटली तर चिकटपट्टीने जोडता येते. श्रोत्याला गाणे क्रमाने ऐकावे लागते. मधले सोडून पुढे जाणे शक्य असले तरी सोयीचे नसते. त्यामुळे श्रवणाला एक शिस्त लागते. जुन्या पिढीतील अनेक प्राध्यापक एकच कॅसेट शंभर वेळा ऐकल्याचे सांगतात, त्यात रसिकतेइतकाच माध्यमाच्या या स्वभावाचाही भाग असावा.

मर्यादांची मीमांसा

फितीच्या मर्यादा तीन स्तरांवर विचारात घ्याव्या लागतात : ध्वनीच्या, द्रव्याच्या आणि यंत्राच्या.

ध्वनीच्या स्तरावर खरखर हा सर्वपरिचित दोष आहे. वेगातील सूक्ष्म चढउतारांमुळे लांब स्वर थरथरतो, हा दुसरा दोष. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याच्या हेडचा कोन आणि ज्यावर ते वाजविले जाते त्याच्या हेडचा कोन जुळला नाही, तर तार भागातील ध्वनी बोथट होतो आणि आवाज जणू पडद्याआडून येतो. अनेकदा फीत 'खराब झाली' म्हणून टाकून दिली जाते, तेव्हा दोष फितीत नसून या कोनात असतो. एका कॅसेटवरून दुसरी भरून घेताना प्रत्येक पिढीत खरखर वाढते, हीही गोष्ट येथे नोंदविली पाहिजे.

द्रव्याच्या स्तरावर अडचणी अधिक गंभीर आहेत. फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर बंधक द्रव्यात धरून ठेवलेले चुंबकीय कण. जुन्या अ‍ॅसिटेट फिती कालांतराने कोरड्या व ठिसूळ होतात आणि त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. १९७० आणि १९८०च्या दशकांतील काही स्पूल फितींचे पॉलियुरेथेन बंधक हवेतील ओलावा शोषून विघटित होते. अशी फीत चिकट बनते, हेडवर किटण सोडते आणि चालताना किंचाळते. नियंत्रित उष्णतेत, सुमारे ५० अंश सेल्सिअसला, काही तास ठेवल्यावर ती तात्पुरती वाजविण्याजोगी होते, पण हे काम जाणकारांनीच करावयाचे असते. कॅसेटमध्ये जाडीचाही प्रश्न आहे. सी-६०ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-९०ची १२, तर सी-१२०ची केवळ ९. जास्त मजकूर मावावा म्हणून ज्यांनी सी-१२० वापरल्या त्यांच्या फिती लवकर ताणल्या आणि यंत्रात गुंतल्या. फीत पातळ असली की एका वेटोळ्यावरील ध्वनीची छाप शेजारच्या वेटोळ्यावर पडते आणि वक्त्याने बोलण्यापूर्वीच त्याचा क्षीण पडसाद ऐकू येतो. फितींसाठी सुमारे २० अंशांच्या आतील तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यातील आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. तेथील लोखंडी कपाटांत फितींवर बुरशी धरते यात आश्चर्य नाही.

तिसरा स्तर यंत्राचा. पुस्तक वाचण्यास डोळे पुरतात, फीत ऐकण्यास ती वाजविणारे यंत्र लागते. यंत्रातील रबरी पट्टे सैल होतात, हेड झिजतात, सुटे भाग मिळेनासे होतात आणि ते दुरुस्त करणारे कारागीर व्यवसाय सोडतात. सोनी कंपनीने जपानमध्ये कॅसेट वॉकमनची विक्री २०१०मध्ये थांबविली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५मध्ये धोक्याचा इशारा देताना २०२५ हे वर्ष मुदत म्हणून पुढे ठेवले. २०१९मध्ये युनेस्कोच्या 'सर्वांसाठी माहिती' कार्यक्रमाने आणि ध्वनि व दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' हा उपक्रम हाती घेतला, त्याच्या मुळाशीही हीच चिंता होती. फीत शिल्लक राहील, पण ती वाचणारे यंत्र राहणार नाही, असे या इशाऱ्यांचे सार आहे.

अयशस्वी स्वरूपांचा धडा

कॅसेटच्या बरोबरीने अनेक ध्वनिफिती आल्या आणि गेल्या. त्यांचे अपयश सारखे नाही, आणि त्यातील फरक विचार करण्याजोगा आहे.

बिल लीअर यांच्या पुढाकाराने अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यास आठ मार्गिकांची काडतूसवजा फीत आली. १९६६च्या मोटारींसाठी फोर्ड कंपनीने ती देऊ केल्यावर ती लोकप्रिय झाली. तिच्यातील फीत अखंड वेटोळ्यात फिरत असे. उलटी करण्याची गरज नव्हती, पण मागे नेण्याची सोयही नव्हती. चार भागांत विभागणी करताना कधी कधी गाणे मध्येच तोडावे लागे आणि खटक्यानंतर ते पुढील भागात सुरू होई. सोयीसाठी कलाकृतीचे तुकडे करण्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

सोनीने १९७६मध्ये एलकॅसेट आणली. तिच्यात स्पूलची रुंद फीत होती आणि वेग कॅसेटच्या दुप्पट होता. ध्वनीचा दर्जा निःसंशय वरचा होता, तरीही काही वर्षांतच ती बंद पडली. तोवर साधी कॅसेट सुधारली होती आणि सर्वत्र पोहोचली होती. टिकण्यासाठी गुणवत्तेपेक्षा सार्वत्रिकता अधिक उपयोगी पडते, असा याचा अर्थ. आज जुनी कॅसेट वाजविणारे एखादे यंत्र शोधले तर मिळते, एलकॅसेटचे मिळणे जवळपास अशक्य आहे.

१९८७मध्ये आलेली डॅट ही अंकीय फीत अभ्यासकांना विशेष प्रिय होती. खरखर नाही, वेगाचे चढउतार नाहीत, प्रती काढताना घट नाही. १९९०च्या दशकात क्षेत्रीय ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तिचा विश्वासाने स्वीकार केला. परंतु तिची सूक्ष्म यंत्रणा नाजूक होती आणि सोनीने डॅट यंत्रांचे उत्पादन २००५मध्ये थांबविले. फिलिप्सने १९९२मध्ये आणलेली डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट तर १९९६मध्येच बंद झाली. येथे एक विरोधाभास आहे. साध्या कॅसेटवरील आवाज हळूहळू मावळतो आणि खराब झाल्यावरही काही अंशी ऐकू येतो. अंकीय फीत एका मर्यादेपर्यंत निर्दोष वाजते आणि ती मर्यादा ओलांडताच अडखळून मूक होते. अधिक प्रगत माध्यम अधिक टिकाऊ असते, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते. ही सूचना आजच्या संगणकीय साठवणीलाही लागू आहे.

स्मरणरंजनाची चिकित्सा

गेल्या दशकभरात पाश्चात्त्य देशांत कॅसेटला पुन्हा मागणी आली आहे. २०१३मध्ये 'कॅसेट स्टोअर डे' सुरू झाला, काही कलावंत नवी गाणी कॅसेटवर काढू लागले. आपल्याकडेही उपाहारगृहांच्या भिंतींवर जुने टेपरेकॉर्डर शोभेसाठी मांडलेले दिसतात. या हौसेला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामुळे जुन्या फिती सुरक्षित होतील, हा समज चुकीचा आहे. बाजारात मिळणाऱ्या नव्या स्वस्त यंत्रांची यंत्रणा बहुतांशी एकाच साध्या धाटणीची असते, तिच्यात डॉल्बी नसते आणि वेगाची अचूकता जुन्या चांगल्या डेकच्या जवळपासही नसते.

याचा अनुभव प्रस्तुत लेखिकेने स्वतःच्या चुकीतून घेतला. त्या विद्यार्थिनीला आवाज लवकर ऐकविण्याच्या घाईत असेच एक नवे यंत्र विकत आणून कॅसेट त्यात घातली. दुसऱ्याच मिनिटाला यंत्राने फीत खाल्ली. सुमारे वीतभर फीत चुरगळली आणि तेवढ्या भागातील शब्द कायमचे गेले. पुढे रेडिओ-टेप दुरुस्तीचे काम चालू ठेवलेल्या एका वयोवृद्ध कारागिरांनी जुना डेक मिळवून दिला, त्याचा पट्टा बदलला, हेड स्पिरिटने स्वच्छ केले, छोट्या पेचकसाने हेडचा कोन जुळविला आणि मगच ती कॅसेट लावली.

कॅसेटच्या पहिल्या बाजूवर सुरुवातीस चित्रपटगीते निघाली. कुणीतरी ती कॅसेट पुन्हा वापरली होती. कॅसेटच्या मागील कडेवरची छोटी प्लास्टिकची चकती मोडून टाकली असती, तर पुन्हा मुद्रण झाले नसते. तेवढी काळजी कुणी घेतली नव्हती. ज्या लेखनक्षमतेचा आपण वर गौरव केला, तिनेच हे पुसून टाकले होते. चित्रपटगीते संपल्यावर जात्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यातून आजींचा आवाज आला. पस्तीस मिनिटांच्या नोंदीपैकी अकरा मिनिटे शिल्लक होती.

हस्तलिखित म्हणून ध्वनिफीत

त्या अकरा मिनिटांनी प्रस्तुत लेखिकेला स्वतःच्या एम. फिल. प्रबंधिकेकडे पुन्हा पाहावयास लावले. ओवीच्या रचनेवरील त्या प्रबंधिकेतील सारे विवेचन मुद्रित संकलनांवर आधारलेले होते. छापील पानावर ओवी दोन सुबक ओळींत मांडलेली असते. फितीवर तीच ओवी निराळी होती. अर्धी ओळ दोनदा येत होती, मध्ये 'गं बाई'सारखे पूरक शब्द येत होते, श्वास जात्याच्या फेऱ्याशी बांधलेला होता आणि एक ओवी दुसऱ्या बाईने उचलून पुरी केली होती. संकलकांनी वाचनसुलभतेसाठी हे सारे गाळले, त्यात वावगे काही नाही. पण त्या गाळलेल्या पाठावरून छंदाविषयी काढलेले काही निष्कर्ष टिकणारे नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि फीतही निर्विवाद साक्षीदार नाही. कॅसेट संपत येते तसतसा आजींचा स्वर चढत जातो. गायिकेचा भाव उत्कट होत गेला, असा अर्थ लावण्याचा मोह पहिल्या श्रवणात झाला. वास्तविक मुद्रणयंत्र बॅटरीवर चालणारे होते. बॅटरी क्षीण होत गेली की मुद्रणाच्या वेळी फितीचा वेग मंदावतो आणि ती योग्य वेगाने वाजविली असता स्वर चढा व लय जलद भासते. आजींबरोबर जात्याची घरघरही त्याच प्रमाणात चढते, त्यावरून हा उलगडा झाला. तसेच ओवी थांबली की जात्याचा आवाज एकदम मोठा होतो. तेव्हाच्या लहान यंत्रांत ध्वनीची पातळी आपोआप सांभाळणारी योजना असे, शांतता आली की ती बारीक आवाजही उचलून धरी. जाते तेव्हा जोरात फिरविले गेले, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही.

मराठीच्या अभ्यासकांना ही दृष्टी नवी नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठचिकित्सेची परंपरा आपल्याकडे आहे. हस्तलिखितात लेखनिकाचे प्रमाद असतात, प्रतीच्या प्रतीत ते वाढतात, पाने गहाळ होतात, समासात परकी नोंद शिरते. ध्वनिफितीत यंत्राचे प्रमाद असतात, प्रतीच्या प्रतीत खरखर वाढते, भाग पुसले जातात आणि ओव्यांच्या जागी चित्रपटगीते येतात. हस्तलिखित सदोष आहे म्हणून आपण ते फेकत नाही, आणि जुने आहे म्हणून ते नुसते पूजेतही ठेवत नाही. त्याची नक्कल करतो, दोषांची नोंद करतो आणि मूळ प्रत जपतो. फितीच्या बाबतीत हाच न्याय लावावयास हवा.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या कार्याचा दाखला या संदर्भात देता येईल. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. ध्वनिमुद्रण सुमारे १२० तासांचे झाले आणि त्यात काही हजार ओव्या आल्या. ही मुद्रणे टिकली, त्यांचे अंकीकरण झाले, म्हणूनच २०१७पासून पारी या संकेतस्थळाला त्या ओव्या आवाजासह प्रसिद्ध करता आल्या. लिहिलेला शब्द आणि ऐकू येणारा आवाज यांची सांगड घातल्यावर त्या संग्रहाचे स्वरूपच बदलले.

महाविद्यालयांपुढील कार्य

हे काम मोठ्या संस्थांनीच करावयाचे आहे, असे नाही. समजा, एखाद्या विभागाकडे सी-६० प्रकारच्या १०० कॅसेट आहेत. त्या वाजविण्यास १०० तास लागतील. रोज दोन तास दिले तर ते ५० दिवसांचे काम आहे. साफसफाई व नोंदी धरून त्याच्या दुप्पट धरावे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ अशी गुणवत्ता सुचविली आहे. या गुणवत्तेने एका तासाच्या दोन मार्गिकांच्या नोंदीस सुमारे २ जीबी जागा लागते. म्हणजे सारा संग्रह सुमारे २०० जीबीत मावतो आणि तो एका साध्या हार्ड डिस्कवर राहू शकतो. दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे मात्र अत्यावश्यक आहे.

यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. सर्वप्रथम प्रत्येक कॅसेटची चकती मोडून पुनर्मुद्रणाची शक्यता संपवावी. मूळ फीत दुरुस्त केलेल्या चांगल्या डेकवरच वाजवावी. खरखर काढून टाकण्याचा उत्साह मूळ नोंदीवर दाखवू नये, स्वच्छ केलेली प्रत वेगळी ठेवावी. कॅसेटवरील अक्षरे, खोक्यातील चिठ्ठ्या, नोंदवहीतील पाने यांची छायाचित्रे ध्वनीबरोबर जोडावीत, कारण अनामिक आवाजाचे अभ्यासमूल्य फार कमी असते. अंकीकरण झाल्यावर मूळ फीत टाकून देऊ नये. ज्यांचे आवाज आहेत त्यांच्या कुटुंबीयांना प्रत द्यावी आणि सार्वजनिक उपयोगापूर्वी त्यांची संमती घ्यावी. ज्यांनी गाणे दिले त्यांच्याकडे आपण परत गेलो नाही, ही आपल्या क्षेत्रीय अभ्यासातील जुनी उणीव त्यामुळे थोडी भरून निघेल.

समारोप

ध्वनिफितीचे आकर्षण आणि तिच्या मर्यादा एकाच मुळातून निघालेल्या आहेत. ती स्वस्त होती म्हणून खेड्यातील ओव्यांपर्यंत पोहोचली, आणि स्वस्त होती म्हणूनच तिच्यावर कुणीही दुसरे काही भरू शकले. ती हाती धरता येत होती म्हणून प्रिय झाली, आणि वस्तू असल्यामुळेच ओल, बुरशी व झीज यांच्या अधीन राहिली. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या तरच तिचे मूल्यमापन न्याय्य होईल. कॅसेटवरचे प्रेम व्यक्त करण्याचा मार्ग ती भिंतीवर टांगण्यात नाही, ती एकदा नीट ऐकून तिची नोंद करण्यात आहे. यासाठीचा अवधी फार थोडा उरला आहे.

त्या विद्यार्थिनीला अकरा मिनिटांची नोंद देण्यात आली. तिच्या आईने ती ऐकून, दुसऱ्या बाईचा म्हणून आम्ही जो आवाज नोंदविला होता तो आपला स्वतःचा असल्याचे सांगितले. नोंदवहीत तिचे नाव नव्हते. आता ते लिहिले आहे. विभागाच्या पेटीत आणखी ६३ कॅसेट आहेत.